समुद्रफूल चालतं कसं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय? मग हे असं करा

ओहोटीला खडकांवर गेलात की समुद्रफुलं, म्हणजे सी ॲनिमोन, दिसतातच. बहुतेक जण एक फोटो काढतात आणि पुढे जातात, कारण डोक्यात पक्कं बसलेलं असतं की हा प्राणी एका जागी चिकटलेला आहे, त्यात बघायचं काय. कालवं आणि बार्नेकल (खडकाला घट्ट चिकटलेले कडक कवचाचे छोटे प्राणी) यांच्या बाबतीत हे खरंय, ती मंडळी एकदा खडकाला जोडली गेली की जन्मभर तिथेच. ॲनिमोनचं तसं नाहीये. त्याच्या बुडाला एक मांसल चकती असते, आपण तिला तळवा म्हणूया, तो तळवा स्नायू आणि चिकट स्राव यांच्या जोरावर खडक धरून ठेवतो, आणि धरलेलं सोडताही येतं. तो सरकतो, सुटतो, वाहत जातो, काही जाती तर चक्क पोहतात. हे सगळं बघायला लॅब लागत नाही, फोन, पट्टी आणि भरपूर धीर लागतो. मुंबई-कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हे कसं बघायचं ते खाली सांगतोय, आणि जे आपल्याकडे दिसत नाही तेही सांगतोय, कारण त्याशिवाय हा प्राणी नीट कळत नाही.

एकच गोष्ट आधी डोक्यात पक्की करा: टेंटॅकल, म्हणजे तोंडाभोवतीचे लवचिक धागे, बघू नका, तळवा बघा. वरची फुलासारखी झालर सतत हलत असते, फुगते, मिटते, वाकते, आणि नवख्या माणसाला वाटतं हा हलला. तो जागेवरच असतो. जागा बदलली की नाही ते फक्त तळवा सांगतो.

पहिलं काम, ओहोटी गाठणं

टाइड टेबल फोनवर मिळतंच, ते बघाच, पण आपल्याकडची तिथीवरून वेळ काढायची जुनी रीत माहीत असली की पंधरवड्याचं प्लॅनिंग तोंडी होतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढे वाजता साधारण पूर्ण भरती, आणि त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. चतुर्थीला ३ वाजता भरती म्हणजे ९ च्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा संपली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा अंदाज ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे निघण्याआधी टेबलशी ताडून बघाच.

आपल्याला हवी असते उधाणाची ओहोटी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस. या दिवसांत मुंबईला पाणी सकाळी आणि संध्याकाळी साडेसहा-साडेसातच्या आसपास सगळ्यात खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार मागे हटत नाही, खालचे खडक उघडे पडत नाहीत, उगाच फेरी फुकट जाते. टेबलमध्ये ओहोटीची उंची ०.५ मीटरच्या खाली दिसली की तो दिवस चांगला. पावसाळा सोडून द्या, एकतर लाटा धोकादायक असतात, त्यात पाणी गढूळ आणि कमी खारं होतं, प्राणी मिटून बसतात. ऑक्टोबर ते मे हा आपला सीझन.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा. मुंबईत हाजीअली, वरळी, वांद्र्याचा खडकाळ किनारा, गोव्यात हणजूण-वागातोर, कोकणात रत्नागिरीपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जिथे खडप आहे तिथे कुठेही चालेल. ग्रिप असलेले बंद बूट घाला, चपलेने शेवाळावर हमखास घसरायला होतं. एकटं जाऊ नका, आणि पाणी वळलं की फोटो अर्धवट राहिला तरी निघा.

ॲनिमोन कोण आणि कोण नाही

इथे जरा थांबतो, कारण चुकीच्या प्राण्यावर दोन दिवस नजर ठेवली तर सगळी मेहनत वाया जाते. खडकांवर झोअँथिड नावाचे प्राणी गालिच्यासारखे पसरलेले असतात, फार कॉमन, आणि दिसायला छोट्या ॲनिमोनसारखेच. फरक असा की त्यांची बुडं एकमेकांना जोडलेली असतात, एकाच कातडीतून शेकडो तोंडं वर आलेली, आणि काठावर आखूड टेंटॅकल. ते कुठे चालत जात नाहीत. त्यांना हातही लावू नका, त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं.

दुसरा गोंधळ वाळूत होतो. नळी करून राहणारे सेरिअँथिड लांबून ॲनिमोनच वाटतात, पण त्यांना तळवा नसतो आणि टेंटॅकलचे दोन वेगळे सेट असतात, बाहेर लांब, आत तोंडाभोवती आखूड. ते नळीत वरखाली होतात, आपल्या अभ्यासात ते नकोत.

खडकावरच्या खऱ्या ॲनिमोनमध्ये आपल्याकडे दोन प्रकार ओळखायला शिका. अँथोप्ल्युरा जातीच्या ॲनिमोनच्या अंगावर चिकट पुटकुळ्या असतात, त्यांना वाळूचे कण आणि शिंपल्यांचे तुकडे चिकटवलेले असतात, मिटला की नुसता रेतीचा गोळा वाटतो. बुनोडोसोमाच्या अंगावर पण पुटकुळ्या भरपूर, पण त्या चिकट नसतात, त्यामुळे अंग स्वच्छ दिसतं. यातली एक जात, बुनोडोसोमा गोअनेन्स, १९९३ साली आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या अभ्यासातून नवीन म्हणून नोंदली गेली, नावातच गोवा आहे. आणि मुंबईच्या ॲनिमोनची व्यवस्थित यादी समुद्री जीवशास्त्रज्ञ पारुळेकरांनी १९६८ सालीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये दिली होती. म्हणजे काम आपल्या किनाऱ्यावर झालंय, पण त्यात भर जातींच्या ओळखीवर होता, कोण कधी कुठे सरकला हे बघायला आपल्यासारख्यांना खूप वाव आहे.

कुठला प्राणी निवडायचा

फटीत घुसून बसलेला नको. फटीतली जागा सुरक्षित असते, सावली आणि ओल दोन्ही मिळतं, तो ती सहज सोडत नाही आणि वर त्याचा तळवाही दिसत नाही. ओहोटीतही पाणी साठून राहतं अशा डबक्यातला, गुळगुळीत उतरत्या खडकावरचा, आजूबाजूला मोकळी जागा असलेला प्राणी घ्या. शक्यतो छोटा घ्या. आणि एक नाही, एकाच डबक्यातले चार-पाच घ्या, कारण त्यातले बरेचसे काहीच करणार नाहीत, हे आधीच मान्य करून टाका.

दोन ॲनिमोन एकमेकांच्या टेंटॅकलच्या टप्प्यात बसलेले दिसले तर ती जोडी सोडू नका. अँथोप्ल्युरा आणि ॲक्टिनिया या जातींच्या टेंटॅकलच्या खाली, कॉलरला, फिकट मण्यांची रांग असते, ती नुसती शोभा नाही, ती हत्यारं आहेत, दंशपेशींनी ठासून भरलेली. अनोळखी शेजारी टेकला की ॲनिमोन ते मणी फुगवतो, वाकून त्याच्या अंगावर दाबतो, आणि मण्याची सालच समोरच्याच्या अंगावर चिकटून राहते आणि दंश करत राहते. हरलेला आकसतो आणि मग हळूहळू तिथून सरकतो, कधी पूर्ण सुटून वाहून जातो. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या अँथोप्ल्युरा एलिगँटिसिमा जातीत तर हे टोळ्यांमध्ये चालतं: एकाच ॲनिमोनपासून फाटून फाटून झालेले सगळे क्लोन दाटीवाटीने राहतात, आपसात भांडत नाहीत, पण दुसऱ्या क्लोनच्या टोळीशी भांडतात आणि दोन टोळ्यांच्या मध्ये खडकाची उघडी पट्टी राहते. आपल्या डबक्यात अशी पट्टी दिसली तर तिच्या दोन्ही बाजूचे फोटो नक्की घ्या, रंगात फरक आहे का बघा.

खुणा, पण खडकाला न दुखावता

रंग नको, खिळा नको, नेलपॉलिश नको. खडकावर बार्नेकल आणि कालवं आहेतच, ती हलत नाहीत, त्याच आपल्या खुणा. ॲनिमोनच्या भोवती, साधारण हाताच्या वितीत, सहज ओळखू येतील अशी तीन बार्नेकल निवडा, त्यांचा त्रिकोण ॲनिमोनला वेढून असला पाहिजे. एक फोटो लांबून, पूर्ण डबकं आणि मागची एखादी मोठी खूण येईल असा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तेच डबकं सापडेल (हे सोपं वाटतं, पण सगळे खडक सारखेच दिसतात). मग एक फोटो बरोब्बर वरून, फोन खडकाच्या पातळीला समांतर धरून, तिन्ही बार्नेकल आणि तळव्याची पूर्ण कड दिसेल असा. शेजारी प्लास्टिकची पट्टी किंवा दहा रुपयांचं नाणं ठेवा, नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, स्केल म्हणून मस्त चालतं, फक्त निघताना उचलून आणा.

पाण्यावर चमक येत असेल तर फोनच्या लाइटऐवजी बाजूने टॉर्च मारा, किंवा आपली सावली पाण्यावर पाडा, पण सावली अचानक टाकली तर काही ॲनिमोन मिटतात म्हणून हळू. मिटला तर वाईट वाटून घेऊ नका, मिटलेल्या प्राण्याचा तळवा उलट जास्त स्पष्ट दिसतो.

दुसऱ्या दिवशी परत त्याच ओहोटीला या, ती साधारण ५० मिनिटं उशिरा असेल. तसाच फोटो, तीच तीन बार्नेकल. घरी दोन्ही फोटो कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये एकमेकांवर ठेवा, बार्नेकल बार्नेकलवर बसवा, आणि तळव्याचा मध्य किती सरकला ते नाण्याच्या मापाने काढा. तळवा स्वतः फुगतो-आकसतो, त्यामुळे मध्य अगदी थोडा इकडेतिकडे दिसणारच. तळव्याच्या रुंदीच्या पाव भागापेक्षा कमी फरक असेल तर मी तो हालचाल म्हणून धरत नाही, तुम्हीही धरू नका, नाहीतर नोंदवही खोट्या प्रवासांनी भरेल.

चालताना नेमकं काय दिसतं

वेग म्हणाल तर साधारण तासाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर, म्हणून उघड्या डोळ्यांना कळत नाही आणि टाइमलॅप्स लागतो. छोटा ट्रायपॉड डबक्याच्या काठावर पक्का बसवा, फोनला वॉटरप्रूफ पाऊच, दर १० किंवा १५ सेकंदांना एक फ्रेम, आणि तासभर तसाच सोडा, पण लक्ष पाण्याकडे ठेवा.

सरकायच्या आधी गोल तळवा लांबट होतो. ज्या दिशेला जायचंय तिकडची कड पातळ होऊन खडकावरून किंचित उचलली जाते, पुढे टेकते, तिथे पकड घेते, मग स्नायूंची लाट तळव्यातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते आणि मागची कड सुटून ओढली जाते. गोगलगाय काचेवरून जाताना तिच्या तळव्यात जशा लाटा दिसतात तसाच प्रकार, फक्त कितीतरी हळू. टाइमलॅप्समध्ये मागची कड ताणून तुटते का तेही बघा. एइप्टेसियासारख्या जातींत सरकताना तळव्याचे बारीक तुकडे मागे राहतात आणि प्रत्येक तुकड्यापासून नवा ॲनिमोन तयार होतो, त्यामुळे मोठ्या ॲनिमोनच्या मागे पिल्लांची ओळ दिसली तर ती त्याच्या वाटेची खूणच समजा.

दुसरी पद्धत म्हणजे पूर्ण सुटणं. तळव्याची कड गोल वळायला लागते, प्राणी पाण्याने फुगतो, एका बाजूला लोळतो आणि प्रवाह नेईल तिथे जातो, मग जिथे ठीक वाटेल तिथे परत पकड घेतो. तुमचा ॲनिमोन दुसऱ्या दिवशी गायब असेल तर लगेच मेला असं लिहू नका. आधी त्याच डबक्याच्या तळाशी, दगडाखाली आणि पाणी जिकडे वाहतं तिकडच्या कोपऱ्यात शोधा. शिवाय कशाला तरी चिकटून राहूनही लांबचा प्रवास होतो: डायड्युमेने लिनिएटा नावाची आशियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची छोटी जात आज जगभरच्या बंदरांत सापडते, जहाजांच्या बुडाला आणि कालवांना चिकटून तिने हा प्रवास केला.

कारणं शोधायची असतील तर नोंदीत चार गोष्टी लिहा: ऊन थेट पडतं का, डबकं पूर्ण आटतं का, वाळू साचली का, शेजारी कोण आहे. ज्यांच्या अंगात शैवाल राहतं ते उजेडाच्या हिशोबाने जागा बदलतात, बाकीचे बहुतेक वेळा कोरडं पडणं, गाळाखाली गाडलं जाणं किंवा भांडण यामुळे हलतात.

शंखावरून प्रवास करणारे

खडक बघून झाले की हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, शोधा आणि प्रत्येक शंख नीट बघा. पारुळेकरांनीच १९६९ मध्ये भारतीय किनाऱ्यांवरून अशा शंखांवर राहणारी निओएइप्टेसिया कॉमेन्सॅली ही नवी जात आणि तिच्यासाठी नवा वंश वर्णन केला. शंखावर मऊ, मिटलेला गोळा दिसला तर शंख पाण्यातच राहू द्या, लांब व्हा, आणि पाच-दहा मिनिटं थांबा, खेकडा चालायला लागला की ॲनिमोन उघडतो.

शंखावर चढायची कला सगळ्यात चांगली अभ्यासली गेली ती युरोपातल्या कॅलिॲक्टिस पॅरासिटिका या जातीत. आधी टेंटॅकल शंखाला चिकटतात, मग तळवा जुनी जागा सोडतो, अंग कमानीसारखं वाकतं, आणि तळवा वरून फिरून शंखावर टेकतो, म्हणजे सरळ कोलांटी. भूमध्य समुद्रात डार्डानस खेकडा त्याला थोपटून, टोचून सोडवतो आणि शंखावर ठेवतो. उत्तरेकडच्या पॅग्युरस बर्नहार्डसच्या बाबतीत मात्र खेकडा काहीच करत नाही, ॲनिमोन स्वतःच शंख ओळखून चढतो. आणि खोल समुद्रातला स्टायलोबेट्स तर स्वतःच्या स्रावातून शंखासारखं घर तयार करतो, खेकडा वाढला की घरही वाढतं, ते इतकं हुबेहूब असतं की १९०३ मध्ये ते गोगलगायीचा शंख म्हणून वर्णन झालं होतं.

वाळूतले

वाळूतल्या ॲनिमोनचं बूड चकतीसारखं नसतं, एडवर्ड्सिया गटात ते गोल टोक असतं, ते फुगवून वाळूत नांगर टाकायचा, मग अंग आकसून स्वतःला खाली ओढायचं, परत टोक बारीक करून पुढे खुपसायचं, असं करत तो बिळात जातो. ओल्या सपाट वाळूवर टेंटॅकलचं बारीक चक्र दिसलं की जिथे आहात तिथेच उभे राहा, पावलांचा धक्का बसला की एका क्षणात आत. खणून काढू नका, तुटतो. गुजरातला जाणं झालं तर जामनगरजवळच्या नरारा बेटावर ओहोटीला मोठा कार्पेट ॲनिमोन, स्टायकोडॅक्टिला हॅडोनी, बघायला मिळतो, तो खडकाला किंवा गाडलेल्या दगडाला बूड धरतो आणि त्रास झाला की अख्खा गालिचा वाळूत ओढून घेतो. त्याला हात लावू नका, चांगलाच चावतो. कुठल्याही ॲनिमोनचा दंश झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, सूज किंवा श्वासाचा त्रास वाटला तर सरळ डॉक्टर.

पोहणारे आणि तरंगणारे

हे आपल्या खडकांवर बघायला मिळेल अशी आशा धरून बसू नका, पण व्हिडिओ बघितलेच पाहिजेत. उत्तरेच्या थंड समुद्रातला स्टॉम्फिया, डर्मास्टेरियस नावाचा तारामासा टेकला की तळवा सोडतो आणि अख्खं अंग एकदा इकडे एकदा तिकडे झटकत पोहून निघून जातो. अमेरिकेतल्या प्युजेट साउंडमधून १९५५ मध्ये याचं वर्णन छापून आलं, आणि नंतर १९८० च्या दशकात त्या ताऱ्याच्या अंगातलं इम्ब्रिकेटिन नावाचं रसायन सापडलं, जे नुसतं लागलं तरी हा प्राणी उडी मारतो. उष्ण कटिबंधातला बोलोसेरॉइड्स सगळे टेंटॅकल एकदम मारत पोहतो. मिनियस गटातले तर तळव्याचाच पिशवीसारखा तरंगक करून समुद्रावर उलटे, तोंड खाली करून, आयुष्य काढतात.

इथे एक सावधगिरी. पावसाळ्यात जुहू-गिरगावला निळ्या गोल चकत्या वाहून येतात, भोवती निळी झालर, आणि लोक त्याला तरंगणारा ॲनिमोन समजतात. ती पॉर्पिटा, म्हणजे ब्लू बटन, ॲनिमोन नव्हे. तिच्याबरोबर बहुतेक वेळा ब्लू बॉटल, म्हणजे निळ्या फुग्यासारखा तरंगणारा जेलीफिशचा नातलग, हीही येते, तिचा दंश भयंकर असतो, मेलेली असली तरीही. लांबून फोटो काढा.

घरी मरीन टँक असेल तर

काचेचा फायदा असा की ॲनिमोन काचेवर बसला की त्याचा तळवा खालून दिसतो, आणि ती स्नायूंची लाट थेट बघता येते, किनाऱ्यावर हे कधीच शक्य नाही. त्यासाठी महागडा ॲनिमोन आणू नका, लाइव्ह रॉकबरोबर (टँकमध्ये ठेवतात ते जीव वसलेले समुद्री दगड) एइप्टेसिया आपोआप येतातच, सगळे त्यांना वैतागतात, पण अभ्यासाला त्यांच्यासारखं काही नाही. काचेवर बाहेरून ग्राफ पेपर चिकटवा, त्यात मध्ये खिडकी कापा, बाहेरून टाइमलॅप्स लावा.

मोठा ॲनिमोन आधीपासून असेल तर पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, तोंडाला जाळी किंवा स्पंज आजच लावा. नवीन टँकमध्ये तो पहिले काही दिवस फिरणारच, उजेड आणि प्रवाह जमला की थांबतो, आणि या फिरण्यात पंपात अडकून चिरडले जाणारे ॲनिमोन खूप आहेत, असा एक चिरडला की अख्ख्या टँकचं पाणी खराब होतं. त्याला ओढून जागेवर बसवू नका, तळवा फाटला की तो सहसा वाचत नाही. आणि समुद्रातून उचलून तर मुळीच आणू नका.

नोंद ठेवायची पद्धत

प्रत्येक ॲनिमोनला नंबर द्या, फोटोच्या फाइलला जागा, तारीख, वेळ आणि नंबर असं नाव द्या, नाहीतर दहा दिवसांनी कुठला कुठला ते कळत नाही. वहीत ओहोटीची उंची, तळव्याची रुंदी, किती सरकला आणि कुठल्या दिशेला (समुद्राकडे, जमिनीकडे, फटीकडे) एवढं पुरे. हलला नाही तेही लिहा, शून्य ही पण नोंदच आहे, आणि एका जागी महिनाभर ठाम बसलेल्या प्राण्याची माहिती सरकलेल्याइतकीच कामाची असते. फोटो आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकताना जात नक्की माहीत नसेल तर नुसतं ॲक्टिनिॲरिया, म्हणजे सगळ्या ॲनिमोनच्या गटाचं नाव, लिहा, ओळखणारे लोक पुढे नेतात, आणि शेऱ्यात तळव्याचा फोटो आणि अंगाच्या पुटकुळ्यांचा क्लोजअप आहे असं लिहा, कारण नुसत्या उघडलेल्या फुलावरून जात सांगणं तज्ज्ञांनाही बऱ्याचदा जमत नाही.